जहाज-कचेरीतील काही शब्द

जहाज-कचेरीत नोकरीस जाणाऱ्या आपल्या तरुणांसाठी हे चार शब्द. जहाज भाड्याने घेण्याच्या करारास ‘चार्टर पार्टी’ म्हणतात. मेजवानीशी त्याचा संबंध नाही. पूर्वी करार एकाच कागदावर दोनदा लिहून तो मधोमध विभागीत, व त्या विभागलेल्या कागदाचे लॅटिन नाव पुढे रूढ झाले. माल चढविण्या-उतरविण्यास दिलेली मुदत म्हणजे ‘लेटाइम’. ती उलटल्यास ‘डेमरेज’ भरावे लागते. करारात ‘शेक्स’ हे लघुरूप असल्यास रविवार व सुट्ट्या मुदतीत धरीत नाहीत. ‘शिंक’ असल्यास धरतात. दिवाळीच्या आठवड्यात एवढ्याशा फरकाने भाडेकऱ्याचा सारा नफा बुडू शकतो. शिवाय डेमरेज एकदा सुरू झाले, की करारात वेगळे लिहिले नसल्यास पुढचे रविवारही सुटत नाहीत.