दुवा वाचतो कोण?



युनिक्समध्ये सिम्बॉलिक लिंक आली ती बर्कलीच्या ४.२ बीएसडीबरोबर, १९८३ साली. रचना साधी: एक छोटी नोंद आणि तिच्यात दुसऱ्या फाइलचा पत्ता. प्रोग्राम ती उघडायला गेला की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, पत्ता वाचतो आणि मूळ फाइल हाती देतो. प्रोग्रामला काही कळतही नाही. मूळ फाइल हलवली तर लिंक तुटते, पण तुटते ती सगळ्यांसाठीच. हा सारखेपणा मला फार मोलाचा वाटतो.

डेस्कटॉपने वेगळी वाट धरली. ॲपलने १९९१च्या सिस्टिम ७मध्ये एलियास आणला. तो मूळ फाइलचा ओळखक्रमांकही जपतो, म्हणून फाइल दुसऱ्या फोल्डरात गेली तरी सापडते. माणसाच्या सोयीचा विचार केला तर तो लिंकपेक्षा सरस आहे. पुढे विंडोज ९५ने शॉर्टकट दिला. पण एलियास ओळखतो मॅकचा फाइंडर आणि शॉर्टकट ओळखतो विंडोजचा एक्सप्लोरर. कर्नलच्या लेखी दोन्ही इतर फाइलींसारख्याच फाइली. मॅकच्या टर्मिनलमध्ये ‘कॅट’ आज्ञेने एलियास वाचायला जा, मूळ मजकूर मिळत नाही, एलियासच्याच पोटातला डेटा समोर येतो. आणि फाइंडर मात्र खऱ्या सिम्बॉलिक लिंकलाही एलियासच म्हणतो! गोंधळ इथूनच सुरू होतो.

विंडोजमध्ये युनिक्ससारखी लिंक आली ती व्हिस्टापासून. पण ती फाइलची की फोल्डरची, हे बनवतानाच सांगावं लागतं, आणि बनवण्याचा हक्क मुळात फक्त ॲडमिनिस्ट्रेटरला. लिंकची सवय नसलेले प्रोग्राम फसवले जातील, ही भीती त्यामागे होती आणि ती रास्त होती. २०१७पासून विंडोज १०मध्ये डेव्हलपर मोड चालू केला की साध्या वापरकर्त्यालाही लिंक बनवता येते. त्याआधीच विंडोजवर युनिक्सचं वातावरण देणाऱ्या सिगविनने स्वतःची सोय केली होती: विशिष्ट खुणेने सुरू होणारी, ‘सिस्टिम’ शिक्का असलेली फाइल. सिगविनचे प्रोग्राम तिला लिंक मानतात, नोटपॅड मानत नाही.

सर्वांत जास्त जपावं लागतं ते कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये. विंडोजवर लिंक बनवण्याची सोय बंद असेल, तर गिट लिंकच्या जागी साधी मजकूर-फाइल ठेवतं आणि तिच्यात फक्त पत्ता असतो. एखादा नवशिका ती उघडतो, आत एकच ओळ पाहून ‘फाइल बिघडली’ म्हणतो आणि पूर्ण कोड चिकटवून कमिट करतो. गिटच्या नोंदीत ती अजून लिंकच असते. आता लिनक्सवरचा सहकारी तो बदल उतरवून घेतो, तेव्हा तो सगळा कोड लिंकचा पत्ता म्हणून वापरला जातो! दोष त्या नवशिक्याचा नाही. समोर दिसणारी फाइल ही लिंक आहे, हे त्याला कोणीच सांगितलेलं नसतं.

म्हणून माझा आग्रह आहे: एकाच प्रोजेक्टवर विंडोज आणि युनिक्स-लिनक्स अशा दोन्हीकडचे लोक काम करणार असतील तर लिंका कमीत कमी ठेवा. ठेवाल त्यांचे पत्ते सापेक्ष असू द्या, आणि कुठे लिंका आहेत ते रीडमीमध्ये लिहा. पेनड्राइव्ह एक्सफॅट असेल तर त्यावर लिंक राहूच शकत नाही. तेव्हा फोल्डर आधी टार फाइलीत बांधा, मगच न्या.