शब्दांच्या गावा : रोखठोक

आजचा आपला शब्द आहे ‘रोखठोक’.

किराणा दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपण सगळ्यांनीच वाचली आहे. रोख म्हणजे हातोहात मोजून दिलेले पैसे. व्यवहार रोखठोक झाला की वहीत बाकी राहत नाही आणि मनातही राहत नाही. हीच कल्पना बोलण्यालाही लागू पडते. जे सांगायचं ते आत्ताच, समोरासमोर, आडपडदा न ठेवता सांगितलं, की ते बोलणं रोखठोक.

हा शब्द लिंग-वचनानुसार बदलत नाही. रोखठोक माणूस, रोखठोक भूमिका, रोखठोक उत्तरं, सगळीकडे तो तसाच राहतो.

त्याची भावंडं मात्र नीट ओळखायला हवीत. ‘परखड’ हा शब्द मत किंवा टीकेसाठी शोभतो. १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे वृत्तपत्र सुरू करणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांचं लेखन परखड होतं. ‘सडेतोड’ शोभतं ते उत्तराला. आणि ‘फटकळ’ म्हणजे समोरच्याच्या मनाचा विचार न करता बोलणारा.

“काकू, पोळ्या छान झाल्यात, भाजीत मीठ जास्त पडलंय,” हे रोखठोक. “तुम्हाला स्वयंपाकच येत नाही,” हे फटकळ. पहिल्या वाक्यात खरेपणाबरोबर आपुलकी आहे. ती जपली, तर रोखठोक बोलण्याने नाती तुटत नाहीत, उलट घट्ट होतात.