करवतीची जागा

(सुतार बंधूंच्या बैठकीत केलेले भाषण)



खंडेनवमीस आपण करवतीला हळदकुंकू वाहतो, आणि दसरा सरला की तीच करवत पेटीत पटाशी-हातोड्याखाली टाकतो. ही कसली पूजा?

करवतीचे मोल तिच्या दात्यांत. ते एकाआड एक डावीउजवीकडे किंचित वळवलेले असतात, म्हणून चीर पात्याहून रुंद पडते व करवत अडकत नाही. लोखंडावर आदळले की दाते बोथटतात, वळण बिघडते. मग तिकोनी कानस घेऊन बसावे लागते. मजुरी बुडते, पाते झिजते. पेटीत हात घालणाऱ्या पोराचे बोट कापते ते वेगळेच.

उपाय घरचाच आहे. पेटीच्या झाकणाला आतून खाचेचा ठोकळा मारावा. खाचेत पाते बसेल, मूठ फिरत्या खुंटीने अडकेल. पाते वाकवून कोंबू नये. दात्यांवर लांबीभर खाच पाडलेली लाकडी पट्टी चढवावी. ठेवण्यापूर्वी भुसा झाडून पाते पुसावे; ओल्या बाभळीने तर लोखंड काळे पडते. मग शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात द्यावा, गोडेतेल चिकटते. पावसाळ्यात पेटी जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवावी.

देव व भक्त यांत मध्यस्थ नको, ही १८७३ साली जोतीरावांनी स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाची शिकवण. हत्याराच्या पूजेलाही भट नको, मुहूर्त नको. रोज सांजेस एक चिंधी व चार थेंब तेल पुरे. आम्ही शाळेत पाहतो : बापाचे हत्यार बिघडले की पोराचे पुस्तक अडते. म्हणून करवत जपा. तिच्यावर चूलही आहे आणि पाटीही.