दुवा, दवा आणि एक वही
(ट्रस्टच्या महोत्सवात सांबरा येथे केलेले भाषण)



शिक्षकाने शिक्षणावर बोलावे अशी अपेक्षा असते. परंतु आज आम्ही नाजूक प्रकृतीच्या मुलांविषयी चार शब्द सांगणार आहोत. आमच्या धाकट्या मुलीच्या हृदयात जन्मापासून दोष आहे. गेली दहा वर्षे आम्ही उभयता तिला घेऊन बेळगावच्या दवाखान्यांच्या खेपा घालीत आहोत. त्यांतून जे शिकलो ते आपल्या कामी यावे, एवढाच हेतू.

हृदयाचा दाताशी संबंध आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. दात काढताना किंवा हिरडी सुजली असता तोंडातील जंतू रक्तात शिरतात. निरोगी हृदयाला सहसा त्यांचा उपद्रव होत नाही. सदोष हृदयाच्या आतल्या अस्तराला मात्र ते चिकटले तर जिवावर बेतते. म्हणून काही मुलांना दात काढण्यापूर्वी अर्धा ते एक तास प्रतिजैविक औषध द्यावे लागते. ते सर्वांना लागत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ साली हा नियम सर्वांत अधिक धोका असलेल्या रोग्यांपुरताच ठेवला. आपले मूल त्यांत मोडते की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांनीच सांगावयाचे.

अडचण येते ती येथेच. हृदयाचे डॉक्टर एका ठिकाणी, दंतवैद्य दुसऱ्या ठिकाणी. दोघांमधला निरोप्या म्हणजे आईबाप. चिठ्ठी इंग्रजीत, फॉर्म कानडीत आणि घरातले बोलणे मराठी नाहीतर दख्खनी. ‘कोणते औषध चालू आहे?’ असे विचारले की ‘सकाळची पांढरी गोळी’ एवढेच उत्तर निघते.

यासाठी आम्ही एक साधी शंभर पानी वही केली. पहिल्या पानावर आजाराचे नाव, वजन व रक्तगट. दुसऱ्यावर चालू औषधे व त्यांची मात्रा. तिसऱ्यावर न सोसणारी औषधे. चौथ्या पानावर दातांच्या कामापूर्वी काय करावे, याचा हृदयाच्या डॉक्टरांचा सहीनिशी शेरा. एकदा तिची दाढ काढावयाची होती. दंतवैद्यांनी वही चाळली, रक्त गोठू न देणारी गोळी नुकतीच सुरू झाल्याचे पाहिले आणि हातातले काम थांबवून हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. दाढ आठ दिवसांनी, सर्व तयारीनिशी निघाली. अशी गोळी आईबापांनी आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

जाणती माणसे एकत्र आली म्हणजे काय होते, याचा दाखला इतिहासात आहे. १९४४ च्या नोव्हेंबरात बाल्टिमोर येथे हृदयदोषाने निळ्या पडणाऱ्या एका चिमुकलीवर शस्त्रक्रिया झाली. कल्पना डॉ. हेलन टॉसिग या बालरोगतज्ज्ञ बाईंची, शस्त्र डॉ. ब्लॅलॉक यांच्या हाती, आणि मागे उभे राहून मार्ग सांगणारे व्हिव्हियन थॉमस, ज्यांच्याजवळ डॉक्टरकीची पदवीही नव्हती. तिघांपैकी एकट्याच्याने ते झाले नसते.

आता घरच्या गोष्टी. औषधाच्या गोड सिरपने दात किडतात. औषध बंद करू नये, पण नंतर पाण्याने तोंड धुवावे, विशेषेकरून झोपण्यापूर्वी. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांमागे येणारी दाढ कायमची असते, ती पडेल या समजुतीवर राहू नये. निपाणीकडचा आपला मुलूख तंबाखूचा. आपली मिश्री मुलाच्या हिरडीला लावू नये. आणि हृदयदोष असलेल्या मुलाला ताप येऊन तो हटेना, तर दुकानातून परस्पर प्रतिजैविक आणून देऊ नये. आधी औषध पोटात गेले तर रक्ततपासणीत जंतू सापडत नाहीत.

शेवटची गोष्ट थोडी कडू आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुले तपासण्याची योजना आहे. नेमक्या त्या दिवशी काही घरे मुलीला घरी ठेवतात. का? तर दोष कळला की पुढे लग्नाचे कसे होणार! बंधुभगिनींनो, लपविलेला आजार बरा होत नाही, वाढतो. आमची मुलगी वर्गात बसते, दम लागला की थांबते, पुन्हा खेळते. तिच्या मैत्रिणींना सारे ठाऊक आहे, आणि त्यांनीच तिला सांभाळले आहे.

ट्रस्टपाशी आमचे मागणे दोनच. अशा प्रत्येक मुलासाठी एक छापील वही द्यावी. आणि ज्या आईची रोजंदारी बुडते, जिला कागद वाचता येत नाही, तिच्याबरोबर दवाखान्यात जाण्यास एक लिहितावाचता माणूस द्यावा. दुवा आपण सारे करतोच. दवा वेळेवर आणि बिनचूक पोहोचविणे हेही आपलेच काम आहे.