‘सापडलं नाही’ची यादी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मला विषय दिला आहे ‘शाळेचं डिजिटल ग्रंथालय’. आपण जमवलेल्या निधीतून एक मोठा टच स्क्रीन, वीस टॅबलेट आणि ई-पुस्तकांची वर्षाची वर्गणी असा प्रस्ताव महिनाभर ग्रुपवर फिरतो आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा मी त्याच्या बाजूनं बोलेन अशी संयोजकांची अपेक्षा असणार. मी तसं बोलणार नाहीये. आधीच सांगितलेलं बरं.

आपलं ग्रंथालय आठवतं ना? प्रयोगशाळेशेजारची लांबट खोली, काचेची कपाटं, डांबरगोळ्यांचा वास. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला कागदी खिसा आणि त्यात कार्ड. कार्डावर आधी कुणी कुणी पुस्तक नेलं त्यांची नावं. मी पुस्तकं त्या कार्डावरून निवडायचे. दोन वर्षं पुढे असलेल्या एका ताईचं नाव दिसलं की डोळे मिटून घ्यायचं. आणि आपल्या वर्गात कायम पहिल्या येणाऱ्या मुलीचं नाव दिसलं की परत ठेवायचं. (ती इथेच बसली आहे. माफ कर ग.) आज याच गोष्टीला रेकमेंडेशन इंजिन म्हणतात आणि ती बनवणाऱ्याला पगार बरा मिळतो.

त्या कार्डाची दुसरी बाजूही सांगते. आठवीत असताना मुलींच्या वाढत्या वयाबद्दलचं एक पुस्तक मला हवं होतं. मी ते दोनदा कपाटातून काढलं आणि दोनदा परत ठेवलं, कारण कार्डावर नाव लागणार आणि पुढच्या तासाला ते सगळी मुलं वाचणार. बाईंनी ते पाहिलं असावं. त्यांनी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं, कार्डावर काहीच लिहिलं नाही, म्हणाल्या, “शनिवारी आणून दे.” वाचकाची माहिती कुठे नोंदवायची आणि कुठे नाही, हे मी इंजिनिअरिंगला नाही शिकले, तिथे शिकले. बाई तेव्हा अर्धवेळ ग्रंथपाल होत्या. पगार अर्धवेळचा आणि काम शाळा सुटेपर्यंत, हे मला फार उशिरा कळलं.

आता माझ्या फजितीकडे येते. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या सासरच्या गावचं सार्वजनिक वाचनालय बंद होतं आणि माझे शनिवार-रविवार रिकामे होते. मी समितीला म्हटलं, तुमची पुस्तकांची यादी मी वेबवर आणून देते. सभासदांनी घरून शोधावं, राखून ठेवावं, आणि येऊन नुसतं घेऊन जावं. पुस्तकं नऊ हजारांच्या आसपास. यादी संगणकावर होती, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. माझ्या लॅपटॉपवर उघडली तर सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हं. रूपांतर केलं तर रफार भलत्याच अक्षरावर आणि पहिली वेलांटी शेजाऱ्याच्या गळ्यात. बहुतेक जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नाही, त्यामुळे बारकोड वाचून माहिती आपोआप भरायचा मार्गही बंद. चार महिने गेले.

सॉफ्टवेअर मी कोहा घेतलं. त्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती मला आवडते. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातल्या ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडलं की चालणार नव्हतं. नवं विकत घेण्याऐवजी त्यांनी १९९९ मध्ये आपलं स्वतःचं लिहून घेतलं, २००० च्या जानेवारीत वापरात आणलं आणि जगाला फुकट देऊन टाकलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आज भारतातल्याही कितीतरी ग्रंथालयांत ते चालतं. त्यात वाचकाला पुस्तकावर अभिप्राय लिहिता येतो, स्वतःचे शब्द टॅग म्हणून जोडता येतात, नव्या पुस्तकाची मागणी नोंदवता येते. मी हे सगळं सुरू केलं, उद्घाटनाला पेढे वाटले, आणि पुढे तीन महिने कुणी ते वापरलं नाही.

मी लोकांना दोष दिला. गावातल्या लोकांना सवय नाही वगैरे. तिथल्या ग्रंथपाल ताई शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, लोक शोधतात हो. सापडत नाही म्हणून सोडून देतात.” मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. शोधून एकही उत्तर न आलेले शब्द तेवढे त्यात जमा होणार, शोधणाऱ्याचं नाव नाही. पहिल्या आठवड्याची यादी पाहून मला घाम फुटला. खांडेकरांच्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर ‘ययाति’ आहे, ऱ्हस्व. माणसं टाइप करत होती ‘ययाती’, दीर्घ, म्हणजे आपल्याला शाळेत शिकवलं तसं. उत्तर शून्य. कुणी रोमन लिपीत लिहीत होतं. शून्य. जी. ए. कुलकर्णींना लोक ‘जीए’ म्हणतात, तेही शून्य. कपाटात तीन-तीन प्रती असलेली पुस्तकं माझ्या वेबपानावर अस्तित्वातच नव्हती.

ती यादी मी दर सोमवारी ताईंना पाठवू लागले. एकाच लेखकाची चार रूपं एका नोंदीखाली बांधायची, नावाचं दुसरं शुद्धलेखन जोडायचं, हे काम त्या करत. मला ते जमलं नसतं, कारण ‘लंपनचं पुस्तक’ म्हणजे प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ हे वाचणाऱ्यालाच कळतं. मी शब्द जुळवू शकते, पण माणसाला काय हवं आहे ते ओळखायला त्याच माणसांना वीस वर्षं पुस्तकं दिलेली असावी लागतात. सहा महिन्यांनी यादी अर्ध्या पानावर आली.

मग गंमत सुरू झाली. पहिला अभिप्राय आला तो कौतुकाचा नव्हताच. एका सभासदानं लिहिलं, ‘या प्रतीत पान ११३ ते १२८ नाहीत.’ बरोबर सोळा पानं, म्हणजे बांधणीत आख्खा फर्माच राहून गेलेला. पुस्तक तीस वर्षं देवघेवीत होतं. किती जणांनी निमूट वाचून परत केलं असेल! दोन आठवड्यांनी त्याच्याच खाली दुसऱ्यानं लिहिलं, माझ्या घरी पूर्ण प्रत आहे, वाचनालयाला देतो. वाचनालयात मागणी वही आधीपासून होती, पण तिच्यात लिहिलेल्याला उत्तर मिळत नसे. आता मागणीपुढे ‘मागवलं’, ‘आलं’, ‘मिळत नाही’ असं ताई लिहितात, आणि ‘मिळत नाही’ हे उत्तरसुद्धा लोकांना चालतं असं दिसलं.

वाचनालयाचा व्हॉट्सॲप ग्रुपही होता, कुणी म्हणेल तो पुरेसा नाही का? नाही. तिथे ताईंनी दिलेलं चांगलं उत्तर संध्याकाळपर्यंत गुलाबाच्या फुलांखाली गाडलं जातं. पुस्तकाच्या नोंदीखाली लिहिलेलं मात्र पुढच्या वाचकाला सापडतं.

एक भांडणही झालं. पुस्तक परत आलं की ते कुणी नेलं होतं ही नोंद पुसून टाकायची सोय कोहामध्ये आहे. मी ती चालू केली. समितीतले एक सदस्य रागावले, “मग उत्कृष्ट वाचकाचं बक्षीस कुणाला द्यायचं?” त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शेवटी किती पुस्तकं नेली हा आकडा तेवढा ठेवायचा, कोणती ते नाही, असं ठरलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक मला तेव्हा आठवत होतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

हे छोट्या गावाचं म्हणून सोडून देऊ नका. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं स्कॅन केली, तेव्हा संगणकानं वाचलेला मजकूर चुकांनी भरलेला होता. २००८ मध्ये त्यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला आणि ज्याला चूक दिसेल त्याला ओळ दुरुस्त करायची मुभा दिली. लोक आजही ट्रोव्ह या त्यांच्या संकेतस्थळावर बसून शंभर वर्षांपूर्वीच्या बातम्या दुरुस्त करत असतात. त्याच वर्षी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं हजारो जुनी छायाचित्रं फ्लिकरवर ठेवली आणि फोटोतल्या जागा, माणसं वाचकांनी ओळखून दिली. तपासून नोंदीत घ्यायचं काम मात्र ग्रंथालयाच्या माणसांनीच केलं. ही दुसरी पायरी वगळून कुठेच चालत नाही.

आता आपल्या शाळेकडे. परवा मी ग्रंथालय पाहून आले. बाई निवृत्त झाल्यापासून जागा रिकामी आहे. किल्ली कार्यालयात असते आणि ग्रंथालयाचा तास बहुधा गणिताला जातो. तिथे वीस टॅबलेट ठेवले तर दोन वर्षांत त्यांच्या बॅटऱ्या फुगतील. ई-पुस्तकांची वर्गणी संपली की पुस्तकंही जातील. माझी मुलगी हल्ली एआयला विचारते, ‘मला कोणतं मराठी पुस्तक आवडेल?’ आणि ते कधीकधी लिहिलीच न गेलेली पुस्तकं सुचवतं. “असं पुस्तक नाही बाळ, पण हे बघ,” म्हणणारं कुणीतरी त्या खोलीत हवं आहे.

म्हणून माझी मागणी अशी. निधीचा मोठा भाग तीन वर्षांच्या मानधनावर खर्च करा, ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या एका व्यक्तीच्या. कोहा फुकट आहे. सर्व्हरचा आणि एका साध्या संगणकाचा खर्च मी बघते, यादीची तांत्रिक बाजूही माझी. अभिप्राय मुलांनी लिहायचे, पण दिसण्याआधी ते ग्रंथपालांनी वाचायचे, कारण नववीतली मुलं काय लिहितील ते आपण स्वतः नववीत होतो म्हणून आपल्याला माहीत आहे.

आणि एक काम तुमच्यासाठी, विशेषतः जे परदेशात आहेत आणि शाळेसाठी काय करू असं विचारत असतात. खालच्या कपाटात आपली हस्तलिखित वार्षिकं आहेत, काहींना वाळवी लागली आहे. ती मी स्कॅन करून घेते. छापील मराठी संगणक बऱ्यापैकी वाचतो, पण आपलं हस्ताक्षर त्याच्या आवाक्यातलं नाही. तेव्हा प्रत्येकानं दहा पानं वाचून टाइप करायची. लागलेलं अक्षर कुणाचं ते ओळखून द्यायचं. बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना मी न विचारता सांगून टाकते की तपासणार त्या आहेत.

नावं नोंदवायची वही चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे. १९९५ च्या अंकात पान बेचाळीसवर माझी एक कविता आहे, ते पान मी स्वतः टाइप करणार आहे. कृपया ते कुणी घेऊ नये.