मीटर कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा गोषवारा)



टेलिफोनचे बिल एकाएकी अनेकपट येते, ग्राहक हरकत घेतो आणि हरकतीचा निकाल लागण्यापूर्वीच त्याचा टेलिफोन तोडला जातो. ही मध्यमवर्गाची किरकोळ कुरकुर आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटते. मला तसे वाटत नाही.

वाण्याच्या दुकानात तराजू निदान गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असतो. टेलिफोनचा मीटर पूर्वी एक्स्चेंजमध्ये होता, आज तो कंपनीच्या संगणकात आहे. मोजणारा, बिल करणारा, थकबाकीदार ठरवणारा आणि सेवा तोडणारा एकच. सरकारी खात्याच्या जोडीला खाजगी कंपन्या आल्या, तरी मीटर ग्राहकाच्या नजरेआडच राहिला. मग न केलेले संभाषण आपण केले नाही, हे ग्राहकाने सिद्ध तरी कसे करावे?

१८८५ च्या तार कायद्यातील कलम ७-ब नुसार असा तंटा केंद्र सरकारने नेमलेल्या लवादापुढे जाई व त्याचा निवाडा अंतिम ठरे. निवाड्याची कारणे दिलीच पाहिजेत, हे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. दरम्यान १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दुसरे दार उघडले होते. कोझिकोडच्या जिल्हा मंचाने एका ग्राहकाचा तोडलेला टेलिफोन जोडून देण्याचा व पाच हजार रुपये भरपाईचा आदेश दिला. त्याच प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते दार बंद केले.

ते पुन्हा उघडले २०२२ साली. अहमदाबादच्या एका मोबाइलधारकाचे महिन्याचे बिल सरासरी ५५५ रुपये. २०१३ च्या अखेरीस ते २४,६०९ रुपये आले. दाद ग्राहक मंचाकडे मागता येते, एवढेच ठरण्यास आठ वर्षे लागली! बिल खरे की खोटे, हा प्रश्न त्यानंतरचा.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. नोंदी ज्याच्या ताब्यात, पुराव्याची जबाबदारी त्याची. वाद चालू असेपर्यंत सरासरीइतकी रक्कम स्वीकारावी आणि सेवा तोडू नये. तोवर कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत लोकांना लेखी हरकत घेण्यास, तिची पोच जपण्यास आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास साहाय्य करावे. एकट्या ग्राहकाला कंपनी थकबाकीदार म्हणते. शंभर ग्राहक एकत्र आले की तिला हिशेब दाखवावा लागतो.