शाळेतली इंटर्नशिप

मानसशास्त्रात एम.ए. करताना शाळेत समुपदेशनाची इंटर्नशिप मिळाली, की पहिले काही दिवस बहुधा ऑफ तासाला वर्ग सांभाळण्यात जातात. कुरकुरू नका. मधल्या सुट्टीत डबा एकटं कोण खातं, मैदानात कोणाला कोणीच खेळायला घेत नाही, हे खोलीत बसून दिसत नाही. शिपाईकाका आणि मावशींशी ओळख वाढवा. कोणतं मूल रोज उशिरा येतं, कोणाला न्यायला कोणी येत नाही, हे बऱ्याचदा त्यांनाच आधी ठाऊक असतं.

मुलाला ‘हे मी कोणालाच सांगणार नाही’ असं वचन मात्र कधीही देऊ नका. २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. इंटर्नही त्यातून सुटत नाही. म्हणून गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत, मुलाला समजेल अशा भाषेत सांगावी. तपास करणं तुमचं काम नव्हे. शांतपणे ऐका, मुलाचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा आणि त्याच दिवशी मार्गदर्शकांना गाठा.

मार्गदर्शकांच्या बैठकीत छान जमलेली केस मिरवण्यापेक्षा अडलेली केस न्या. कॉलेजच्या अहवालात मुलाचं खरं नाव लिहू नका. आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक समुपदेशन खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत लावा, मुलांच्या उंचीला.